विहीर डावीकडे आणा!

विहीर चालत नाही. हे तांबडगडच्या शेळ्या-मेंढ्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या गजभानू महाराजांना.

"विहीर आमच्या डाव्या हाताला बांधायला सांगितली होती! ही उजव्या हाताला कशी?" महाराज सदरेवरून गरजले. समोर तुळाजी गवंडी हात जोडून उभा. त्याच्या मागे त्याची बायको राही, तिच्या कडेवर पाच महिन्यांची छबी.

तुळाजीचं काय चुकलं होतं? काहीच नाही. मागं एकदा महाराज शिकारीत वाट चुकले. एका म्हातारीनं सांगितलं, "उगवतीला तोंड करून सरळ चालत राहा, हे काय, इथंच आहे गड." महाराजांनी आपल्या मताच्या उगवतीला तोंड केलं आणि कमरेइतक्या चिखलात जाऊन रुतले. आता, राजा तर कधी चुकत नाही. मग चुकलं कोण? उगवत! दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली, "उगवत-मावळत, वरची आळी-खालची आळी, सगळं बंद होऽऽ! डावं म्हणजे महाराजांचं डावं, उजवं म्हणजे महाराजांचं उजवं. बाकी कुणालाही डावं-उजवं नाही होऽऽ!"

तेव्हापासून राज्याचा कारभार फारच सोपा झाला. गाडीवान चौकात बैल सोडून बसायचे आणि गडावर माणूस पाठवायचे, महाराजांचं तोंड आज कुणीकडं आहे ते विचारायला. माणूस उत्तर घेऊन खाली येईपर्यंत महाराजांनी दुपारच्या झोपेत कूस बदललेली असायची.

विहिरीचा हुकूम सुटला तेव्हा महाराज नदीकडं तोंड करून बसत. तुळाजीनं चार महिने खपून त्यांच्या डाव्या हाताला चिरेबंदी विहीर बांधली. तेवढ्यात ऊन डोळ्यांवर येतं म्हणून महाराजांनी सिंहासन फिरवून डोंगराकडं केलं. विहीर बिचारी होती तिथंच राहिली. तिला दवंडी ऐकू गेली नसावी!

"महाराज, ते सिंहासन फिरलं ना, म्हणून..." तुळाजी चाचरला.

"सिंहासन कसंही फिरेल! सिंहासन आहे ते! परवा सकाळी विहीर आमच्या डाव्या हाताला दिसली पाहिजे. नाहीतर तुझा उजवा हात तोडू!"

राहीच्या तोंडून निसटलंच, "कुणाचा उजवा, महाराज? तुमच्या हुकमानं राज्यात उजवा हात एकच उरलाय. तुमचा!"

प्रधानजींना एकाएकी खोकला आला. महाराज लालबुंद झाले. "असं काय? मग दोन्ही तोडा! भानगडच नको!"

राहीनं जीभ चावली. एक हात वाचवायला गेली आणि दोन घालवून बसली! आता मागं हटून भागणार नव्हतं.

"महाराज, मी आणते विहीर तुमच्या डाव्या हाताला. आणली, तर माझा धनी सोडायचा."

"तू? आण की! पण नवी विहीर खणायची नाही. आणि खबरदार, आमच्या सिंहासनाला कुणी बोट लावायचं नाही!"

तुळाजीला कोठडीत टाकलं. राही घरी आली, भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. त्यांना भाकरी मिळाली असेल का? छबीचं अंग कोमट लागतंय का? आणि हात नसलेल्या बापानं लेकीला उचलायचं तरी कसं? दुसरा दिवस असाच गेला. संध्याकाळी तिनं छबीला गोधडीवर उताणी निजवली, उजव्या हाताशी खुळखुळा ठेवला आणि चुलीकडं वळली.

मागून "हुंऽऽ" ऐकू आलं. बघते तर काय, पोर पालथी पडलेली! पहिल्यांदाच! मान ताठ करून उजवीकडं खुळखुळा शोधत होती. खुळखुळा जागचा तसूभरही हलला नव्हता, पण आता तो तिच्या डाव्या हाताशी होता.

राहीनं खुळखुळ्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. मग तिनं लेकीचे इतके मुके घेतले की पोर रडायलाच लागली.

तिसऱ्या दिवशी सदर गच्च भरली. महाराज डोंगराकडं तोंड करून ऐटीत बसलेले. उजवीकडं विहीर, होती तिथंच. सगळ्यांचे डोळे समोरच्या दरवाजाकडं. राहीचा पत्ता नाही.

"पळाली वाटतं!" महाराज हसले. "बोलवा त्या हात तोडणाऱ्याला..."

"आणली हो महाराज, विहीर आणली!"

हाक आली ती पाठीमागून, नदीच्या पायऱ्यांवरून. राजाला मागून हाक मारायची कुणाची छाती? महाराज ताडकन उठले आणि गर्रकन मागं वळले. राही एका काखेत छबी आणि खांद्यावर जाड दोर घेऊन पायऱ्या चढत होती. मानकरी माना उंच करून दोराच्या दुसऱ्या टोकाला काय बांधलंय ते बघायला लागले. दुसऱ्या टोकाला पोहरा होता.

"कुठाय विहीर?" महाराज ओरडले.

"तस्संच उभं राहा, महाराज! हलू नका! आता तुमच्या डाव्या हाताला बघा!"

महाराजांनी डावीकडं पाहिलं. विहीर!

"पण... पण ही तर तिथंच आहे!"

"तिथं म्हणजे कुठं, महाराज? तुमच्या राज्यात 'तिथं' कुठं असतं? डावं म्हणजे तुमचं डावं. सिंहासनाला कुणी बोट लावलेलं नाही. विहीर आली!"

महाराजांनी विहिरीकडं पाहिलं, सिंहासनाकडं पाहिलं. पुन्हा वळायला गेले आणि एक पाय उचललेलाच राहिला, कारण वळले की विहीर परत उजवीकडं! आणि मग, त्या एका पायावरच त्यांना हसू फुटलं. पोट धरून हसले.

"सोडा त्या गवंड्याला! आणि ती दवंडी बंद करा. फार चालवली विहीर! बाई, हे शिकवलं कुणी तुला?"

राहीनं छबीला पुढं केलं. "हिनं. परवा रुतलेल्या माणसासारखी पडून होती, काल पालथी पडली."

महाराज आणखीच हसले. हातातलं बोटभर जाडीचं सोन्याचं कडं काढून म्हणाले, "प्रधानजी, हे घाला गुरूंच्या उजव्या हातात!"

प्रधानजी कडं घेऊन पुढं झाले, थबकले आणि सवयीनं महाराजांच्याच उजव्या हाताकडं बघायला लागले.

"अहो, माझ्या नाही!" महाराज म्हणाले. "तिच्या! तिच्या उजव्या!"