धुरपाची पाठ आणि प्रेरणा खातं

एका रानात एक राज्य होतं. राज्याला जे जे लागतं ते सगळं तिथे होतं. सिंह राजा होता, कोल्हा प्रधान होता, तरस कोतवाल होता आणि काम करायला गाढवं होती. गाढवं सीमेवरच्या भिंतीसाठी दगड वाहत. ही भिंत नेमकं कोणाला अडवणार हे अजून ठरायचं होतं, पण तेवढ्यासाठी काम थांबवणं बरं दिसलं नसतं.

गाढवांची एक रीत होती. दुपारी गोण्या उतरल्या की ती राखेच्या उकिरड्यावर जात आणि चारी पाय वर करून मनसोक्त लोळत. मग उठत, अंग झटकत आणि मुकाट्याने पुन्हा गोणी घेत.

एक दिवस जेवण झाल्यावर राजाला प्रश्न पडला. त्याला प्रश्न जेवणानंतरच पडत. "प्रधानजी, ही गाढवं इतकं काम का करतात?"

कोल्ह्याने समिती नेमली. तीत दोन पोपट, एक बगळा आणि परदेशी शिकून आलेलं एक माकड होतं. सहा महिने थंड हवेच्या टेकडीवर अभ्यास करून समितीने शोध लावला, की गाढवं राजावरच्या प्रेमापोटी राबतात. खात्री करायला म्हणून धुरपा नावाच्या गाढविणीला बोलावलं.

"धुरपाबाई, अगदी मोकळेपणानं सांगा," कोल्हा म्हणाला. "तुमची प्रेरणा काय?"

"पाठ खाजती, सायेब," धुरपा म्हणाली. "गोणीनं कातडं सोलपटतं, माश्या बसत्यात. दुपारी राखंत लोळलं की गार वाटतं. मग पुन्यांदा वझं घेववतं."

माकडाने तिच्या नावापुढे 'उत्तर विषयाला धरून नाही' असं लिहिलं. मात्र गाढवं रोज पाऊण तास लोळतात ही माहिती समितीला नवीन होती. लगेच उकिरड्याला काटेरी कुंपण पडलं, प्रेरणा खातं उघडलं आणि लोळण्याच्या वेळात कोल्ह्याचं भाषण सुरू झालं.

"माझ्या कष्टाळू बंधू-भगिनींनो! ओझं पाठीवर नसतं, ओझं मनात असतं! दगडाला दगड म्हणू नका, संधी म्हणा! राजेसाहेब झोपेतसुद्धा तुमचाच विचार करतात, आणि ते दिवसाचे वीस तास झोपतात! बोला, पाठ कुणाची?"

"राज्याची!" गाढवं ओरडली. न ओरडणाऱ्यांची नावं तरस टिपून घेत होता.

पण प्रेरणा मिळूनही गाढवं मंदावली. मग हुकूम निघाला, की ओझं वाहताना हसतमुख राहावं. जो हसणार नाही तो निरुत्साही, आणि निरुत्साही गाढवाला राजाच्या मुदपाकखान्यात पाठवावं, म्हणजे त्याचा राज्याला ताबडतोब उपयोग होईल. पहिल्याच पंधरवड्यात तीन गाढवं उपयोगी पडली. तिसरा धुरपाचा भाऊ केरबा. त्याच्या खांद्याला भोक पडलं होतं, आणि ह्या शहाण्यांचं म्हणणं, त्याने हसावं.

धुरपाची पाठही आता चिघळली होती. तरसाने एका सकाळी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि सांगितलं, "आज संध्याकाळपर्यंत हसलीस तर ठीक. नाहीतर उद्या तू."

त्याच दुपारी राजा भिंत पाहायला आला. ढोल, पताका, फुलं उधळणारी माकडं, सगळा थाट होता. रस्त्याच्या कडेला गाढवं दात दाखवत उभी होती. एवढ्यात धुरपाच्या जखमेवर माशी बसली. मग मात्र तिच्याने राहवेना. तिने गोणी झुगारली, राजाच्या पुढ्यात धुळीत अंग टाकलं आणि चारी पाय वर करून लोळायला लागली.

ढोल थांबले. तरस पुढे सरसावला.

"हे काय?" राजाने विचारलं.

कोल्हा लगबगीने पुढे झाला. खरं सांगावं तर प्रेरणा खातंच बुडालं असतं. "साष्टांग नमस्कार, महाराज," तो म्हणाला. "भक्ती फार दाटली की पालथं काय आणि उताणं काय, भान राहत नाही."

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. असं प्रेम त्याने आजवर फक्त भाषणांत ऐकलं होतं. तरस मागे हटला, धुरपा वाचली, आणि दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला, की राजाची स्वारी दिसताच प्रजेने लोळावं. सोयीसाठी रस्त्यावर राखही पसरली.

राजाला हे दृश्य इतकं आवडलं, की स्वारी रोज दुपारी निघू लागली. गाढवांनी तक्रार केली नाही. धुरपाची पाठ महिन्याभरात भरून आली. हळूहळू पोपट लोळायला लागले, माकडं लोळायला लागली, आणि कालपरवापर्यंत राजाला शिव्या देणारे शेजारच्या रानातले लांडगेही कुटुंबासह येऊन लोळायला लागले.

एका दुपारी धुरपाच्या शेजारी समितीतला तो बगळा लोळत होता. पांढरीशुभ्र पिसं पार राखाडी झाली होती, चोचीत धूळ गेली होती.

"अगं बया," धुरपाला त्याची कीव आली. "बगळेबुवा, तुमची बी पाठ खाजती व्हय?"

"छे हो," बगळा खोकत म्हणाला, "एका महामंडळाचं अध्यक्षपद रिकामं आहे."