सर्जेरावांचं नाव

“सगळा नकाशा समोर असताना यांना जागं कशाला करायचं, मॅडम?”

डॉ. विराज नाडगौडाने हे विचारलं तेव्हा हौसाबाईंची कवटी उघडलेली होती. पडद्यावर त्यांच्या मेंदूचं चित्र होतं आणि त्यात वाचेची जागा लाल रंगात दाखवली होती. तो स्कॅन विराजनेच काढला होता. त्याला त्याचं कोण कौतुक!

मुख्य सर्जन केळुस्कर मॅडमनी वर पाहिलं नाही.

“काल संध्याकाळी त्यांच्याशी बोललास?”

“सगळे स्कॅन पाहिले.”

“बोललास का?”

विराजने पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

गाठ वाचेच्या जागेला खेटून होती. जास्त कापलं तर बाई मुक्या होणार, कमी कापलं तर गाठ पुन्हा वाढणार. हौसाबाईंचे मालक बाहेर बाकावर बसले होते. त्यांचं मागणं एकच होतं, “तिचं बोलनं तेवढं ऱ्हाऊ द्या.”

भूल उतरवली. हौसाबाईंनी डोळे उघडले. मेंदूला स्वतःला दुखत नाही, हे पुस्तकात कितीदाही वाचलेलं असो, उघड्या डोक्याचं माणूस बोलायला लागलं की अंगावर काटा येतोच.

विराज विजेची बारीक सळई मेंदूवर एकेका जागी टेकवू लागला. सोबत चित्रं दाखवू लागला. जिथे वीज लागली की शब्द अडतो, तिथे सुरी न्यायची नाही, अशी ही रीत.

“कोंबडा.”

“घागर.”

“इळा.”

सळई लाल जागेवर आली. विराजला आता चित्रांचीही गरज वाटेना.

“तुमच्या मालकांचं नाव काय?”

हौसाबाई गप्प...

“सापडली! नकाशात आहे तिथेच!”

“सळई उचल,” मॅडम म्हणाल्या. “आता विचार.”

“मालकांचं नाव काय?”

गप्प...

विराजचा चेहरा पांढराफटक पडला. वीज नाही, तरी वाचा नाही! आपल्या हातून बाई मुकी झाली की काय?

मॅडम हिरव्या कापडाखाली वाकल्या. हौसाबाई चक्क लाजत होत्या.

“नुसतं कसं घिऊ, डाक्टरीणबाई? एवढी मानसं हायती.”

“मग उखाण्यात घ्या.” आणि विराजला म्हणाल्या, “सळई ठेव परत. तिथेच.”

सळई टेकली. हौसाबाईंनी घसा खाकरला.

“डोक्याचं झाकण काढलंय, बघा आत वाकून,
सर्जेरावांचं नाव घेते तुमचा मान राखून.”

एक अक्षर अडलं नाही. लाल डाग तोंडघशी पडला.

“पुन्हा घ्या, हौसाबाई.”

मॅडमनी विराजचं मनगट धरलं आणि नखभर पलीकडे नेलं. नकाशात तिथे काहीच नव्हतं.

“डोक्याचं झाकण काढलंय, बघा आत वाकून, सर्जे...”

...

ओठ हलत होते, नाव येत नव्हतं.

मॅडमनी त्याचा हात उचलला.

“...रावांचं नाव घेते तुमचा मान राखून.” मग जरा थांबून, “अगं बया! कुटं गेलं हुतं म्हनायचं?”

मॅडमनी त्या जागेवर खुणेची चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीच्या अलीकडची गाठ निघाली. ती निघेपर्यंत हौसाबाई घरच्या म्हशीचे नखरे सांगत होत्या.

विराज मात्र त्या चिठ्ठीकडेच बघत राहिला होता. नाव होतं तेव्हा ती जागा संथ धडधडत होती. नाव गेलं तेव्हाही तशीच, परत आलं तेव्हाही तशीच. त्याला हात जोडावेसे वाटले, पण कुणाला ते कळेना.

“मॅडम,” त्याचा आवाज पार उतरला होता, “मधल्या वेळात... ते नाव होतं कुठे?”

मॅडमनी हातमोजे काढले आणि दाराकडे बोट केलं.

“बाहेर, बाकावर. जा, सांग त्यांना, बायको बोलतेय.”