जस्ताचे ठोकळे

फार जुनी गोष्ट, खाडीकाठी भात पिकवणाऱ्या एका गावाची. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाने मातीचा बांध घातला होता. पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्यात दोन लोखंडी दारं होती. एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

गावाचा कारभार सोनाई नावाची बाई पाहत असे. कामाला वाघीण, आणि नीटनेटकेपणाचा तिला भारी सोस. एकदा बांधावरून फिरताना तिला दिसलं, की दोन्ही दारांना जस्ताचे जाड ठोकळे बसवलेत, त्यांना भोकं पडलीत आणि पांढरट भुकटी सुटली आहे.

"ही घाण कशाला?" तिने विचारलं.

"भिवा लोहाराने बसवलेत," सोबतचा गडी म्हणाला. भिवा आता म्हातारा होऊन लेकीच्या गावी राहत होता.

"कुजलेत ते. काढून टाका."

पूर्वेच्या दाराचे ठोकळे निघाले. पश्चिमेच्या दारापाशी टिटवीने अंडी घातली होती. सोनाई म्हणाली, "राहू द्या, तिला उठवू नका." पुढे ते काम राहूनच गेलं.

काही वर्षांनी, भात पोटरीला आलं असताना खाडीला मोठं उधाण आलं. लाटांच्या दणक्याने पूर्वेच्या दाराच्या बिजागऱ्या तुटल्या. सोनाई पदर खोचून पाण्यात उतरली. गावाने पेंढा, चिखल, घरातल्या बाजासुद्धा भगदाडात कोंबल्या. पाणी अडलं, पण खालची शेतं बुडालीच.

ओहोटी लागताच ती पश्चिमेकडे धावली. तिथलं दार जागच्या जागी होतं! पूर्वेच्या लोखंडाचे तांबडे पापुद्रे हाताने निघत होते. इथलं लोखंड धड होतं, ठोकळे मात्र निम्मेसुद्धा उरले नव्हते. खारं पाणी आणि हवा मिळून लोखंड खातात, हे तिला ठाऊक होतं. इथे त्यांनी लोखंड सोडून जस्त खाल्लं होतं.

ती होडीने भिवाकडे गेली. "बाबा, तुमचे ठोकळे मी कुजलेत म्हणून काढले. चुकलं माझं."

"पहिल्यांदा मीही तेच म्हणालो होतो," म्हातारा हसला. "लोखंडाला जस्त भिडलेलं असलं, की पाणी आधी जस्ताला लागतं. ते संपत आलं, की नवं बसवायचं. असं का होतं, ते मलाही सांगता येणार नाही. पण दार टिकतं."

सोनाई थक्क झाली. सगळं गाव ज्या जस्ताच्या जिवावर सुखाने जेवत होतं, त्याच्याकडे कुणी कधी नीट पाहिलंही नव्हतं.

पूर्वेला नवं दार लागलं, दोन्हीकडे नवे ठोकळे बसले. बुडालेल्या शेतांतलं मीठ पावसाने धुऊन जाईपर्यंत सोनाईने आपल्या कणगीतलं भात त्या घरांना दिलं. पुढे जुने ठोकळे उतरवायची वेळ येई, तेव्हा ती स्वतः बांधावर जाई आणि ते हातात घेऊन लहानथोरांना कौतुकाने दाखवी.

म्हणून, झिजलेलं काही टाकून देण्याआधी, ते कुणाला राखताना झिजलं हे पाहावं.