काबरी शेळी आणि गोदूची अंगाई

बाळांनो, रिकाम्या वाटीकडे बघत रडणारं तान्हं बाळ तुम्ही कधी पाहिलंय का?

डोंगराच्या कुशीतल्या एका झोपडीत असं एक बाळ होतं. आई तापाने निजलेली, तिचं दूध आटलेलं. बाळाची ताई गोदू त्याला भाताची पेज भरवायची, तरी ते वाळतच चाललं होतं. आता तर त्याचं रडणंही बारीक झालं होतं.

उद्या गावात तळ्याला वळसा घालायची शर्यत होती. जिंकेल त्याला दुभती काबरी शेळी! पण गोदू दर वर्षी सुरुवातीलाच जीव खाऊन पळायची आणि अर्ध्या वाटेत मटकन बसायची. शेजारची केसर चिडवायची, "आली गं आमची फुलबाजी! तडतड तडतड, अन् फुस्स!"

संध्याकाळी गोदू करवंदीच्या जाळीपाशी रडत होती. ओंजळीत पाच करवंदं, तेवढंच तिचं जेवण. तोच पानाआडून एक इवलीशी परी डोकावली. गुलाबी झगा, निळे-जांभळे चिमुकले पंख, पण चेहरा अगदी कोमेजलेला.

"फार भूक लागलीय गं," परी म्हणाली.

गोदूने सगळी करवंदं तिच्यापुढे ठेवली. खाता खाता परीचे पंख लखलखू लागले.

"माग, काय हवं तुला?"

"मला वाऱ्यासारखं पळायचंय. अगदी पहिल्या पावलापासून!"

"तेवढा वारा माझ्याकडे नाही गं, राणी. एवढासाच आहे." परीने तिच्या मुठीत एक सोनेरी ठिणगी ठेवली. "शेवटच्या वळणावर आंबा आहे ना, तिथे मूठ उघड. तोवर बाळाची अंगाई गात पळायचं. दम लागून गाणं तुटलं, तर ठिणगी विझेल."

सकाळी शर्यत सुटली. "हल हल पाळण्या, हळूच हल..." गोदू मूठ घट्ट मिटून गात निघाली. मुलं भुर्रकन पुढे गेली.

"अगं, झोपायला आलीस का?" केसर ओरडली.

बघता बघता सगळ्यांच्या पाठी दिसेनाशा झाल्या. पाय म्हणत होते, पळ! शेळी गेली, आता बाळही जाणार, असंच गोदूला वाटत होतं. डोळे वाहत होते, पण गाणं थांबलं नाही.

अर्ध्या वाटेवर एकेक मूल धापा टाकत बसलेलं दिसू लागलं. पुढे केसर, तळव्यात भला मोठा काटा.

"गोदू, मला सोडून जाऊ नकोस गं!"

गोदू खाली बसली. गाता गाताच तिने मोकळ्या हाताने काटा काढला. तेवढ्यात दम खाऊन उठलेली दोन मुलं शेजारून पुढे निघून गेली.

आंब्याशी पोचली तेव्हा ती दोघं खूप लांब होती. आता संपलंच, असं वाटून तिने मूठ उघडली. ठिणगी लुकलुकत होती! पायांत वारा भरला. धापा टाकणाऱ्या दोघांना मागे टाकून तिने शर्यतीच्या टोकाला बांधलेल्या शेळीच्या गळ्यालाच मिठी मारली.

तळ्यावर परी चमकली. "केसरसाठी थांबलीस, पण गाणं तुटू दिलं नाहीस," असं हसून म्हणाली आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली.

त्याच दिवशी बाळ वाटीभर दूध प्यायलं.