गेरू फासलेले दगड

फार पूर्वी काशीत उदय नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिमालयातल्या एका वाटाड्याच्या घरी जन्मले होते. त्यांचं नाव सुनीत. वसंतातल्या पौर्णिमेला बर्फाच्या खिंडीपलीकडे काश्यप बुद्धांच्या स्तूपापाशी उत्सव भरे. यात्रेकरूंना तिथवर सुनीत नेत असत.

त्या वर्षी काशीचा कुंडक नावाचा व्यापारी निघाला. स्तूपावर चढवायचं सोन्याचं छत्र त्याने घोंगडीत गुंडाळून स्वतःच्या पाठीवर घेतलं होतं. म्हातारी आई मागून डोलीत येत होती. छत्र भोयांच्या हाती द्यायला त्याचा जीव धजला नाही; आईला मात्र त्याने खुशाल दिलं.

सुनीतांची एकेक गोष्ट त्याला खटकू लागली. हा बोलत का नाही? सारखा मागे वळून काय पाहतो? आणि प्रत्येक वळणावर तीन दगड रचून वरच्याला ओला गेरू कशाला फासतो? शेवटी त्याने विचारलंच.

“मागून येणाऱ्यांसाठी,” सुनीत म्हणाले.

मागून येणारे म्हणजे चोरच, दुसरं कोण! कुंडकाच्या मनात पाल चुकचुकली. तो मुद्दाम रेंगाळू लागला आणि सुनीत पुढे वळले की दगड हाताने ढकलून देऊ लागला. शहाणा माणूस! अशा नऊ खुणा त्याने पाडल्या.

दुपारी दोघे धर्मशाळेत पोचले. ऊन कलू लागलं तरी डोली येईना.

“बर्फ वितळतो तशी वाट रोज सरकते,” सुनीत म्हणाले. “पण खुणा आहेत. भोई चुकायला नको होते.”

बोलता बोलता त्यांची नजर कुंडकाच्या लाल बोटांवर गेली. कुंडकाने हात शेल्यात लपवले.

“कुठून कुठवर पाडल्यात?” सुनीतांनी एवढंच विचारलं.

“ओढ्यापासून... सगळ्याच. वाचव रे तिला! हे छत्र तूच घे!”

“छत्र स्तूपाचं आहे. तुम्ही दगड उचलायला चला.”

छत्र धर्मशाळेत तसंच उघड्यावर राहिलं.

डोली खचत्या बर्फावर अडकली होती. सुनीत कमरेला दोर बांधून गेले आणि म्हातारीला पाठीवर घेऊन आले; मागोमाग दोर धरून भोईही आले. ती थरथरत म्हणाली, “बाळा, या वाटाड्याने ओढ्यापुढे खुणाच नाही का रे ठेवल्या?”

सुनीत कमरेचा दोर सोडू लागले. कुंडकाने लाल हात पुढे केले. “त्यांनी ठेवल्या होत्या, आई. मी पाडल्या.”

नऊही खुणा त्याने आपल्या हातांनी पुन्हा रचल्या. उत्सवाला पोचायला त्यांना एक दिवस उशीर झाला.

एवढी पूर्वजन्माची गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्षूंनो, सोबत्यावर चोरीचा आळ घेणारा तुमच्यातला हा भिक्षू तेव्हा कुंडक होता. त्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका त्याची आई होती. वाटाड्या सुनीत मीच होतो. खुणा पाडणाऱ्याच्या आईसाठीही जो वाट राखतो, त्याची ती क्षांती, ती खरी क्षमाशीलता.”