दौलतकाकांच्या टायरांचा सल्ला

"सूनबाईला काय विचारतोस? तिला मागं बसायचंय, टायर पारखायचे नाहीत!" टायरच्या दुकानात दौलतकाका पुतण्याच्या, निशांतच्या, कानात म्हणाले. पण काका कानगोष्टही भाषणासारखी करत, त्यामुळे मागे उभ्या असलेल्या केतकीला ती नीट ऐकू आली.

केतकीचं लग्न नुकतंच झालेलं. निशांतच्या बाइकवरून दोघं पहिल्यांदाच तिच्या माहेरी निघणार होती. वाटेत कुंभार्ली घाटाचा ओला डांबरी रस्ता आणि शेवटी थोडी लाल मातीची वाट. निशांतला दोन्हीकडे चालतील असे टायर हवे होते. पण काका पडले कऱ्हाडच्या रायडर्स क्लबचे अध्यक्ष. त्यांनी हुकूम सोडला, "मोठ्या गाठींचेच घे, माझ्यासारखे. मर्दाची गाडी मातीतच शोभते!"

तसल्या गाठी ओल्या डांबरावर घसरतात हे निशांतला ठाऊक होतं, पण काकांपुढे बोलायची घरात रीत नव्हती. त्यानं मान डोलावली.

केतकी बाहेर गेली, काकांच्या गाडीपाशी वाकली आणि हसत परत आली.

"बघितलेस? पटलं ना?" काकांनी मिशीवरून हात फिरवला.

"पटलं की, काका. मधल्या गाठी डांबरानं झिजून सपाट झाल्यात, आणि कडेच्या गाठींवर कारखान्यातली रबराची लव अजून तशीच आहे. हे टायर मातीत एकदाही उतरलेले दिसत नाहीत. मग आम्ही घाट उतरायचा तो कुणाच्या सल्ल्यानं, तुमच्या की तुमच्या टायरांच्या?"