दारातला पाय

“आणि ती फुली नेमकी कुठे असते?” अचलगिरींनी विचारले.

निहारने फोन त्यांच्यासमोर धरला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर फिकट करडी, तिळाएवढी खूण होती.

“ही दाबली की जाहिरात जाते.”

“मला दिसत नाही.”

“दिसू नये अशीच आहे, महाराज.”

माणगंगेच्या काठी, गावाबाहेर, गोसाव्यांचा एक लहानसा मठ आहे. त्याच्या ओसरीवर सकाळच्या उन्हात हे बोलणे चालले होते. वृद्ध अचलगिरी त्या मठात एकटेच राहत. निहार जगदाळे पुण्याहून आला होता. मोबाइलवर मध्येच उगवणाऱ्या जाहिराती घडवणाऱ्या एका कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता. त्याची पाच वर्षांची मुलगी मिहिका खांबाला टेकून बसली होती.

“एवढी बारीक का?”

“बोट चुकावं म्हणून.”

“आणि चुकलं तर?”

“जाहिरात उघडते. माणूस चिडतो... पण पाहतो.” निहारच्या आवाजात किंचित अभिमान आला. “पूर्वी फुली मोठी असायची. हा आकार मी ठरवला.”

अचलगिरींनी मान डोलावली.

“मागे एका भक्तानं मला पाऊस दाखवायला फोन काढला. पावसाच्या आधी गुडघेदुखीचं तेल आलं. माझे गुडघे दुखतात, हे त्याला कोणी सांगितलं?”

“सगळ्यांचेच दुखतात, महाराज.”

“असेल. पण पाऊस पाहायचा राहिला.”

निहार हसला. अचलगिरी हसले नाहीत.

“तू फुली दाखवायला इतक्या लांब आलेला नाहीस.”

...

निहारने मुलीकडे पाहिले. तिच्या मनगटावर बांगडी सैल फिरत होती.

“ही जेवत नाही,” तो म्हणाला. “फोनवर कार्टून लावलं तरच तोंड उघडते. मध्ये जाहिरात आली की घास गालात धरून बसते. जाहिरात संपेपर्यंत हिची भूक गेलेली असते. वजन उतरतंय. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही. हिच्या आईनंच मला इथं पाठवलं. आपण तिच्या वडिलांचे गुरू...”

“ठाऊक आहे.”

अचलगिरी मिहिकाकडे वळले.

“बाळ, जेवण कुठून येतं?”

मिहिकाने थोडा विचार केला.

“दारातून. बेल वाजते, मग येतं.”

निहार ओशाळला. “आम्ही दोघंही कामावर असतो. पुष्कळदा बाहेरून मागवतो. मिहू, अन्न शेतातून येतं. शेतातून बाजारात, बाजारातून...”

“तिला पुरं बोलू दे,” अचलगिरी म्हणाले. “तिचं उत्तर बरोबर आहे. मठातही अन्न दारातूनच येतं. फरक इतकाच, की तुमच्याकडे आपण दाराच्या आत असतो.”

“आणि इथे?”

अचलगिरींनी खुंटीवरची भगवी झोळी काढली, सोबत कडीचा डबा घेतला आणि दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवले.

“मी?” निहार म्हणाला.

“दुसरं कोण आहे? माझे गुडघे दुखतात, हे तर तुझ्या फोनलाही माहीत आहे.”

...

नियम थोडे होते. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. ‘नारायण हरी’ अशी एकदाच हाक द्यायची. कडी वाजवायची नाही. गाईची धार काढायला जितका वेळ लागतो, तितका वेळ गप्प थांबायचे. कोणी आले तर घ्यायचे. न आले तर पुढच्या घरी जायचे.

“एकदाच? आणि घरातल्या बाईनं ऐकलं नाही तर?”

“तर तिनं ऐकलं नाही.”

“धार काढायला किती वेळ लागतो?”

“तू कधी काढली नाहीस?”

“नाही.”

“मग एखाद्या काढणाऱ्याला विचार.”

निहारने कोणाला विचारले नाही. तो अंदाजाने गेला, आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर परतला. झोळी काठोकाठ भरली होती. त्याने ती ओसरीवर टेकवली आणि घाम पुसला.

“महाराज, भाकरी, घेवड्याची सुकी उसळ, डबाभर हुलग्याचं पातळ माडगं... शेवटच्या घरानं तर सगळी टोपलीच ओतली!”

अचलगिरींनी झोळीकडे पाहिले. ते काही बोलण्याआधीच फाटकाशी चपला वाजल्या. हातात उलथणे तसेच घेऊन एक बाई आत आली. ती तानूबाई, गावाच्या टोकाच्या घरची.

“म्हाराज, ह्यो नवा चेला कुठनं आणलासा?”

“काय झालं, तानूबाई?”

“काय व्हायचंय! तव्यावर भाकरी टाकलेली. ह्यानं हाक दिली, म्हटलं येते. तर दुसरी हाक. तिसरी हाक. वर म्हणतोय, मठात एक लेकरू सकाळधरनं उपाशी हाय, तुमच्या घशाखाली घास कसा उतरंल? माझी भाकरी करपली. म्हटलं, दार लावून घ्यावं. तर ह्याचा पाय मधी! बुटासकट!”

“मी फक्त...” निहार म्हणाला.

“फक्त काय? दार लावू देशील का न्हाई? मग म्हटलं, घे बाबा, सगळं घे, पर पाय काढ!” तिची नजर मिहिकावर गेली. ती जरा थबकली. “हीच व्हय ती? ... लेकरू खरंच वाळलंय की.”

ती आली तशी निघून गेली.

निहार म्हणाला, “मी खोटं काहीच बोललो नाही. आणि झोळी भरली, हेही खरं आहे.”

“भरली.”

“मग?”

अचलगिरींनी भाकऱ्यांची थप्पी हलक्या हाताने वर केली.

“ह्यातली तानूबाईची कुठली?”

निहारने पाहिले. सगळ्या सारख्याच होत्या.

“सांगता येत नाही.”

“मलाही येत नाही,” अचलगिरी म्हणाले. त्यांनी झोळीचे तोंड बांधले आणि ती खुंटीला अडकवली. “दिलेलं नाही ते आम्ही खात नाही, म्हणून आज मी जेवणार नाही. मुलीला मात्र वाढ. लेकरांना हा नियम नाही.”

...

निहारने झोळीतली एक भाकरी काढून माडग्यात कुस्करली आणि खांबाला फोन टेकवून लावला. कार्टूनमधला ससा उड्या मारू लागला. मिहिकाने तोंड उघडले. एक घास गेला. दुसराही गेला.

मग ससा नाहीसा झाला. एक हसरी आई पडद्यावर आली. खाली मोठ्या अक्षरांत प्रश्न होता: ‘तुमचे मूल जेवत नाही?’ तिच्या हातात पौष्टिक भुकटीचा डबा होता.

मिहिकाने घास गालात धरला.

निहारने फुलीवर बोट ठेवले. बोट चुकले. जाहिरात पडदाभर पसरली. त्याने पुन्हा दाबले. भुकटी विकणाऱ्यांचे दुकान उघडले. त्याने परत मागे जायचा प्रयत्न केला, तेव्हा तीच आई पुन्हा पहिल्यापासून हसू लागली.

“ही कोणी केली?” अचलगिरींनी विचारले.

 निहार मुलीच्या गालाकडे पाहत होता. गाल फुगलेला होता आणि डोळ्यांत पाणी होते. घास ना आत जात होता, ना बाहेर येत होता.

“मिहू, गीळ. गीळ ना, बाळा...”

ती गिळेना.

“महाराज!” निहारचा आवाज चढला. “मुलगी माझ्यासमोर वाळते आहे आणि आपण भाकऱ्या कोणाच्या ते विचारता! उपाय असेल तर सांगा. नसेल तर तसं सांगा, मी निघतो.”



“तुझा पाय अजून तानूबाईच्या दारात आहे,” अचलगिरी म्हणाले. “तो घेऊन ये.”

...

दुपार उतरेपर्यंत निहार ओसरीवर बसून होता. फोनची बॅटरी संपली होती आणि चार्जर घरीच राहिला होता. तो दोनदा गाडीपर्यंत गेला आणि दोनदा परत आला. अचलगिरी आत भिंतीला टेकून शांत बसले होते. त्यांनी पाण्याशिवाय काही घेतले नव्हते.

ऊन पिवळे झाले, तेव्हा निहार उठला. त्याने झोळी घेतली नाही. मिहिकाचा हात धरला आणि निघाला.

तानूबाईचे दार उघडे होते. उंबऱ्यापलीकडे अंगण होते आणि अंगणाच्या कडेला गोठा होता. दोन गुडघ्यांत चरवी धरून ती गाईपाशी बसली होती. तिची दाराकडे पाठ होती.

निहारने बूट काढले. उंबऱ्यापासून हातभर अलीकडे तो उभा राहिला.

“नारायण हरी.”

तानूबाईने मान वळवली नाही.

निहारचे तोंड पुन्हा उघडले... आणि मिटले.

चरवीत धार पडत होती. आधी पत्र्यावर पडल्यासारखा कोरडा आवाज होता. मग तो भरत गेला, जाड होत गेला. गाईने शेपटी हलवली. पिंपळावर पाखरे भांडत होती. निहारचा हात आपोआप खिशाकडे गेला, खिशातल्या बंद फोनला लागला आणि परत आला.

“बाबा,” मिहिका हळूच म्हणाली, “ते काय येतंय?”

“दूध.”

“कुठून?”

निहारने वाकून तिला नीट सांगायचे ठरवले. पण तानूबाईच बोलली, तशीच पाठमोरी.

“तिथनं काय दिसणार तुला? हिकडं ये. बघ.”

मिहिकाने वडिलांकडे पाहिले. त्याने तिचा हात सोडला. तो स्वतः मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला.

मुलगी गोठ्यापाशी गेली आणि उकिडवी बसली. धार पाहता पाहता तिचे तोंड उघडे पडले. तानूबाईने सड जरा वळवला. कोमट धार मिहिकाच्या हनुवटीवर पडली. ती दचकली. मग हसली, आणि जिभेने हनुवटी चाटली.

“परत!”

“परत म्हणं! लई शहाणी हायस.”

धार संपली. तानूबाईने घरातून सकाळची करपलेली भाकरी आणली, वाटीत कुस्करली, वर दूध ओतले आणि वाटी मिहिकाच्या पुढ्यात ठेवली. तिने भरवले नाही. ‘खा’ असेही म्हटले नाही. ती वासराला सोडायला गेली.

मिहिका वाटीकडे पाहत राहिली.

निहार दारातून पाहत होता. ‘मिहू, आ कर’ हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. त्याचा पाय उंबऱ्यावर गेला.

त्याने तो मागे घेतला.

...

वासरू आईला लुचू लागले. त्याच्या तोंडाला फेस आला. मिहिकाने त्याच्याकडे पाहिले, वाटीत बोटे घातली आणि पहिला घास तोंडात टाकला. तो गालात राहिला नाही.

वाटी अर्धी झाली, तेव्हा तानूबाई दाराशी आली. तिने निहारच्या अनवाणी पायांकडे पाहिले.

“मघाशी एकदाच हाक दिलीस.”

“हो.”

“ऐकली हुती मी. हात गुतलं हुतं.”

“मला ठाऊक नव्हतं,” निहार म्हणाला, “एवढाच वेळ लागतो ते.”

तानूबाईने पदराला हात पुसले.

“सकाळचं म्हाराजांनी खाल्लं का?”

“नाही. दिवसभर उपाशी आहेत.”

तिचा चेहरा उतरला. तिने एकदा मुलीकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे.

“जा. सांग त्यास्नी, जेवा म्हणावं.” ती म्हणाली. “आता दिलं.”

...

दिवेलागणीला निहार मठात परतला. मिहिका पुढे धावत आली होती. तिने ओसरीवरूनच ओरडून सांगितले,

“आजोबा, जेवण गाईच्या खालून येतं!”

“असं?”

“आणि वासरू पण जेवलं. त्याला पण कोणी भरवलं नाही.”

निहारने खाली बसून नमस्कार केला आणि निरोप सांगितला. अचलगिरी ऐकून उठले.  गुडघ्यांवर हात ठेवत खुंटीपर्यंत गेले, झोळी काढली आणि सकाळची, आता कडक झालेली, भाकरी मोडली. एक तुकडा निहारच्या हातात दिला. दोघे खाऊ लागले. मिहिका मध्ये बसली आणि दोघांच्याही भाकरीतले थोडे थोडे मोडून घेऊ लागली.

“महाराज,” बऱ्याच वेळाने निहार म्हणाला, “उद्या घरी गेल्यावर गाय नसेल.”

“नसेल.”

“ही कदाचित पुन्हा घास धरून बसेल.”

“बसेल कदाचित.”

“मी शेजारी बसेन. थांबेन. धार निघेपर्यंत...” तो किंचित हसला. “आता वेळ ठाऊक झाला आहे.”

अचलगिरींनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

निहारने बंद पडलेला फोन खिशातून काढला आणि अंगठ्याने त्याच्या काळ्या काचेचा वरचा कोपरा चोळला. तिथे आता काहीच नव्हते.

“आणि कामाचं? सोमवारी मला नव्या जाहिरातीची आखणी द्यायची आहे. ती फुली, महाराज... ती केवढी ठेवू?”

अचलगिरींनी घास सावकाश चावला, गिळला. मग दिव्याच्या उजेडात निहारच्या धुळीने भरलेल्या पावलांकडे पाहिले.

“तुझा पाय बाहेर निघेल एवढी.”